एकाच बोअरवेलच्या पाण्याचे दोन अहवाल: लोह ०.२१ की ३.८?

मूळ प्रश्न: गाव पाणीपुरवठा समिती, सिंधुदुर्ग

नमस्कार. आमचे गाव जांभ्याच्या सड्याच्या पायथ्याशी, खाडीपासून फार लांब नसलेल्या जागी वसलेले आहे. गावाला पाणी पुरवणारी बोअरवेल सुमारे ६० मीटर खोल असून पंपाचे उभे पाइप जुने, जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे जीआयचे आहेत. पाणी नळाला येते तेव्हा अगदी नितळ असते, परंतु पांढऱ्या बादलीत भरून ठेवले की संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस तवंग धरतो आणि दुसऱ्या दिवशी तळाशी विटकरी रंगाचा गाळ बसलेला दिसतो. मे महिन्यात पाण्याला किंचित मचूळ चवही येते.

समितीने एकाच सकाळी, एकाच तोटीतून घेतलेले नमुने दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले. पहिल्या प्रयोगशाळेने साध्या रिकाम्या बाटल्या दिल्या होत्या, तर दुसरीने तळाशी थोडे ॲसिड घातलेली, झाकण सील केलेली बाटली पाठवली होती. पहिल्या अहवालात लोह ०.२१, मँगनीज ०.३८ आणि जस्त १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर असून शिसे व आर्सेनिक यांच्यापुढे 'बीडीएल', म्हणजे शोधमर्यादेच्या खाली, एवढेच लिहिले आहे. पद्धतीच्या रकान्यात 'फ्लेम एएएस' (ज्योतीत नमुना जाळून धातू किती प्रकाश शोषतो ते मोजणारी पद्धत) असा उल्लेख आहे. दुसऱ्या अहवालात लोह ३.८, मँगनीज ०.४२, जस्त २.१, शिसे ०.०१६ आणि आर्सेनिक ०.००४ असे आकडे असून पद्धत 'आयसीपी-एमएस' (प्लाझ्मात धातूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे महागडे यंत्र) आहे. दोन्हीकडे सामू ६.३ च्या आसपास आहे आणि क्लोराइड ४२० मिलिग्रॅम आहे.

ग्रामसभेत यांपैकी कोणता अहवाल ठेवायचा, असा आमच्यापुढे प्रश्न आहे. काही सदस्यांचे म्हणणे असे की महागडे यंत्र वापरणाऱ्या प्रयोगशाळेचा आकडाच बरोबर असणार. लोहाच्या आकड्यात अठरापट फरक केवळ यंत्रामुळे पडू शकतो का, आणि पुढच्या वेळी आम्ही नेमकी कोणती पद्धत मागावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद: पाणी तपासणी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ

आपण सगळे आकडे दिलेत हे फार चांगले झाले, कारण उत्तर त्यांतच आहे. फरक यंत्रामुळे पडलेला नाही, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो, आणि ती खात्री मला मँगनीज व जस्त यांच्या आकड्यांवरून मिळते. पहिल्या प्रयोगशाळेचे यंत्र किंवा तिचे कॅलिब्रेशन बिघडलेले असते, तर त्याच यंत्रावर मोजलेले हे दोन धातू दुसऱ्या अहवालाशी इतके जुळले नसते. लोह मोजणे फ्लेम एएएसला मुळीच अवघड नाही, ३.८ मिलिग्रॅम हा तर त्या पद्धतीच्या दृष्टीने ठळक आकडा आहे. मग एकट्या लोहाचेच काय झाले?

जमिनीखाली, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, लोह विरघळलेल्या फेरस रूपात असते आणि म्हणून पाणी नितळ दिसते. पाणी वर येऊन हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळला की फेरसचे फेरिक होते, आणि फेरिक लोह या सामूला विरघळलेले राहू शकत नाही. त्याचा हायड्रॉक्साइडचा गाळ बनतो. आपल्या बादलीत दिसतो तो हाच. या क्रियेचा वेग सामूवर फार अवलंबून असतो: सामू एक अंकाने वाढला की वेग सुमारे शंभरपट होतो. सामू ७.५ च्या पाण्यात जे काही मिनिटांत घडते त्याला ६.३ ला बरेच तास लागतात, आणि आपण वर्णन केलेली 'संध्याकाळपर्यंत तवंग, दुसऱ्या दिवशी गाळ' ही गती त्याच्याशी नेमकी जुळते. मँगनीज मात्र हवेने इतक्या सहज गाळात उतरत नाही, आठच्या खालच्या सामूला ते दिवसेंदिवस विरघळलेलेच राहते. म्हणूनच साध्या बाटलीतही त्याचा आकडा शाबूत राहिला.

साध्या बाटलीत प्रवासात आणि नंतर प्रयोगशाळेच्या फडताळावर लोह गाळ होऊन बसले. विश्लेषकाने वरचे नितळ पाणी ओतून घेतले किंवा गाळून घेतले, आणि उरलेले ०.२१ प्रामाणिकपणे मोजले. दुसऱ्या बाटलीत नायट्रिक ॲसिड होते, त्यामुळे सामू २ च्या खाली गेला आणि लोह विरघळलेलेच राहिले. दोन्ही यंत्रांनी आपापल्यापुढे आलेले पाणी बरोबर मोजले. ते पाणी मात्र एकच राहिलेले नव्हते.

येथे शिशाचा मुद्दा लोहापेक्षा गंभीर आहे. लोहाचा ताजा गाळ शिसे आणि आर्सेनिक दोन्ही आपल्या पृष्ठभागावर ओढून धरतो. तेव्हा ॲसिड न घातलेल्या बाटलीत केवळ लोहच कमी दिसते असे नाही, तर ज्या विषारी धातूंसाठी आपण तपासणी करतो तेही गाळाबरोबर तळाशी जातात आणि अहवाल निर्धास्त करणारा येतो. लोह जास्त असलेल्या भूजलात ॲसिडविना घेतलेल्या नमुन्यावरून 'आर्सेनिक नाही' असा निष्कर्ष कोणीही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेत आल्यावरही नमुना वाचवता येतो, हे सांगायला हवे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००.७ आणि २००.८ या पद्धतींमध्ये नमुना पोहोचल्यावर ॲसिड घालण्याची मुभा आहे. अट अशी की ॲसिड मूळ बाटलीतच घालायचे, सामू २ च्या खाली गेल्याची खात्री करायची आणि किमान १६ तास तसेच ठेवायचे, म्हणजे तळाचा गाळ आणि बाटलीच्या भिंतींना चिकटलेले धातू परत द्रावणात येतात. वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात काढून त्यात ॲसिड घातले तर त्याचा काही उपयोग नाही.

प्रतिसाद: भूजलतज्ज्ञ, कोकणात काम

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु बाटलीच्याही आधीचा एक टप्पा येथे राहून जात आहे. आपल्या पाण्यातील दोन मिलिग्रॅम जस्त मला खडकातून आलेले वाटत नाही. जांभ्याच्या प्रदेशातील पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि असे पाणी जीआय पाइप खाते. पाइपावरचा जस्ताचा थर झिजतो, त्या थरात अशुद्धी म्हणून असलेले शिसे पाण्यात उतरते, आणि थर संपला की खालचे लोखंड गंजू लागते. पितळी तोट्या आणि व्हॉल्व्ह यांतूनही शिसे येऊ शकते. तेव्हा ३.८ पैकी किती लोह भूजलाचे आणि किती पाइपाचे, हे या दोन्ही अहवालांवरून सांगता येणार नाही, कारण दोन्ही नमुने तोटीचे आहेत.

हे वेगळे करण्याचा मार्ग सोपा आहे. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी पहिले पाणी एका बाटलीत घ्यावे, आणि पुरेसा उपसा झाल्यावर थेट पंपाच्या डोक्याजवळच्या तोटीतून, टाकीतून नव्हे, दुसरी बाटली भरावी. जस्त आणि शिसे पहिल्या बाटलीत जास्त व दुसऱ्या बाटलीत नगण्य आले, तर दोष पाइपांचा आहे आणि बोअरवेल बंद करण्याऐवजी पाइप बदलून काम भागेल. लोह व मँगनीज दोन्ही बाटल्यांत सारखे आले, तर ते भूगर्भातून येत आहे.

'पुरेसा उपसा' म्हणजे किती, हेही मोजून ठरवता येते. आपल्या बोअरवेलचा व्यास १५० मिलिमीटर आणि पाण्याची पातळी १२ मीटरवर आहे असे धरले, तर ४८ मीटरच्या पाण्याच्या स्तंभात साधारण ८५० लिटर पाणी उभे असते. जुना प्रघात अशा तीन स्तंभांइतका उपसा करण्याचा आहे, म्हणजे अडीच हजार लिटरच्या वर. ताशी तीन हजार लिटरच्या पंपाला त्यासाठी तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो. मी स्वतः केवळ लिटरवर विसंबत नाही. सामू आणि विद्युतवाहकता दर पाच मिनिटांनी मोजावी, आणि लागोपाठ तीन वाचनांत सामूचा फरक ०.१ च्या आत व वाहकतेचा ३ टक्क्यांच्या आत आला की बाटली भरावी. रोज सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्या पंपाला हे स्थैर्य लवकर येते.

आपण खाडीजवळ असल्यामुळे ऋतूही नोंदवावा. मे महिन्यात खारे पाणी आत सरकते आणि पावसाळ्यानंतर ताजे पुनर्भरण होते, त्यामुळे मे आणि ऑक्टोबर यांचे नमुने एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ते

दोघांचेही मनापासून आभार. जस्तावरून पाइपांचा संशय येऊ शकतो हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आणखी दोन शंका आहेत. एक म्हणजे, नमुना गाळून पाठवावा की न गाळता? येथे भेटलेल्या एका तंत्रज्ञाने ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय धातूंची तपासणी व्यर्थ असते असे सांगितले. दुसरे म्हणजे, आयसीपी-एमएसचा खर्च दर वेळी करणे समितीला जड जाईल. तर कोणत्या धातूसाठी कोणती पद्धत पुरेशी आहे?

प्रतिसाद: पाणी तपासणी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ

गाळण्याचे उत्तर आपण काय विचारता यावर अवलंबून आहे. भूजलात खरोखर विरघळलेले धातू किती, हा प्रश्न असेल तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, मग ॲसिड घालावे. हा क्रम उलटला तर ॲसिड मातीच्या कणांतील ॲल्युमिनियम, लोह आणि शिसेही द्रावणात आणते आणि ते सारे 'विरघळलेले' म्हणून मोजले जाते. गावकरी पितात त्या पाण्यात किती धातू आहेत, हा प्रश्न असेल तर न गाळता ॲसिड घालावे, कारण गावकरी पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून पीत नाहीत. आपल्या बाबतीत न गाळलेली बाटली अनिवार्य आहे आणि गाळलेली बाटली उपयुक्त आहे. दोन्ही घेता आल्या तर दोन आकड्यांतील फरक म्हणजे कणांबरोबर येणारा धातू, ही माहिती गाळणयंत्रणा निवडताना कामास येते. प्रयोगशाळेत गढूळपणा १ एनटीयूपेक्षा कमी असेल तर आम्लयुक्त नमुना सरळ यंत्रावर घेतात. त्याहून जास्त असेल तर आधी ॲसिडमध्ये तापवून पचन करावे लागते. आपल्या नमुन्याचे पचन झाले का, हे अवश्य विचारा.

बाटली भरताना एक काळजी घ्यावी. आत ॲसिड असेल तर बाटली विसळू नये आणि काठोकाठ वाहू देऊ नये, अन्यथा ॲसिडच निघून जाते. साधारणपणे एका लिटरला दीड ते दोन मिलिलिटर तीव्र नायट्रिक ॲसिड पुरते, आणि ते धातूंच्या विश्लेषणासाठीच शुद्ध केलेले असावे लागते. तीव्र ॲसिड गावात हाताळण्यापेक्षा प्रयोगशाळेकडून ॲसिड घातलेल्या बाटल्या मागवणे सर्वांत सुरक्षित.

आता पद्धतींविषयी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लोहाची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीनंतर १.० मिलिग्रॅम आहे, मँगनीजची ०.१ असून पर्यायी स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत चालते, आणि जस्ताची ५ आहे. हे तिन्ही धातू फ्लेम एएएसच्या आवाक्यात आरामात बसतात, तेव्हा त्यांच्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. शिसे आणि आर्सेनिक यांची मर्यादा ०.०१, कॅडमियमची ०.००३ आहे. फ्लेमवर शिशाची विश्वासार्ह नोंद ०.०५ च्या आसपास सुरू होते. याचा अर्थ असा की मर्यादेच्या तिप्पट-चौपट शिसे असले तरी अहवालात 'बीडीएल' असेच छापून येईल. आपल्या पहिल्या अहवालातील शिशापुढची ती तीन अक्षरे त्यामुळे निरर्थक आहेत, आणि याची मला खरोखर चीड येते, कारण वाचणारा त्याचा अर्थ 'शिसे नाही' असाच घेतो.

शिसे आणि कॅडमियम यांना ग्रॅफाइट फर्नेस एएएस उत्तम चालते. त्यात ज्योतीऐवजी छोट्या ग्रॅफाइटच्या नळीत नमुन्याचे काही मायक्रोलिटर टप्प्याटप्प्याने तापवतात, त्यामुळे लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या जवळपास पोहोचता येते. मात्र एका वेळी एकच धातू आणि दर वाचनाला दोन-तीन मिनिटे, त्यामुळे काम संथ चालते. आर्सेनिकला हायड्राइड पद्धत अजूनही अतिशय भरवशाची आहे: सोडियम बोरोहायड्राइडने आर्सेनिकचा वायू करून तो वेगळा काढतात, त्यामुळे पाण्यातील मीठ मागेच राहते. यात एक पथ्य आहे. पंचसंयुजी आर्सेनिक हळू वायुरूप होते, म्हणून आधी पोटॅशियम आयोडाइड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडने ते त्रिसंयुजी करून घ्यावे लागते. ही पायरी वगळली तर आकडा कमी येतो.

आयसीपी-एमएस एकाच फेरीत सगळे धातू मोजते आणि शोधमर्यादाही सर्वांत खाली असते, परंतु आपल्यासारख्या मचूळ पाण्यात आर्सेनिकच्या बाबतीत तीही सावधपणे वाचावी लागते. आर्सेनिकचे वस्तुमान ७५ आहे. प्लाझ्माचा आर्गॉन, ४०, आणि पाण्यातील क्लोरीन, ३५, एकत्र येऊन बनणारा आयनही ७५ वरच दिसतो, आणि यंत्रातील साध्या क्वाड्रुपोलला, म्हणजे वस्तुमानानुसार आयन निवडणाऱ्या भागाला, दोन्ही सारखेच. आपल्याकडे ४२० मिलिग्रॅम क्लोराइड असताना ०.००४ मधील काही भाग आर्सेनिक नसून मीठ असण्याची शक्यता आहे. हल्लीच्या यंत्रांत आयनांच्या मार्गातील एका कक्षात, कोलिजन सेलमध्ये, हीलियम सोडून हे जुळे आयन अडवतात. तेव्हा 'आर्सेनिक हीलियम मोडमध्ये मोजले का' हा एकच प्रश्न दुसऱ्या प्रयोगशाळेला विचारा. त्याचबरोबर नमुना किती पट पातळ केला तेही विचारा. खारट पाणी दहापट पातळ केले की शोधमर्यादाही दहापट वर जाते.

प्रतिसाद: प्रयोगशाळा गुणवत्ता विभाग, पुणे

पद्धतीचे नाव कळले म्हणून आकडा विश्वसनीय ठरत नाही, एवढे मी यात जोडू इच्छिते. समितीने प्रयोगशाळेकडे लेखी मागावे असे आहे ते पुढीलप्रमाणे: प्रत्येक धातूची परिमाणनमर्यादा, म्हणजे ज्याखाली प्रयोगशाळा आकडा देत नाही ती पातळी, त्याच तुकडीतील ब्लँकचे, म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेतलेल्या बाटलीचे, वाचन, आणि आपल्याच नमुन्यात ठरावीक मात्रा मिसळून केलेल्या स्पाइक चाचणीची टक्केवारी. शेवटची गोष्ट सर्वांत बोलकी असते. २००.८ पद्धतीत शुद्ध पाण्यातील स्पाइक ८५ ते ११५ टक्के आणि प्रत्यक्ष नमुन्यातील ७० ते १३० टक्के परत मिळावी अशी अपेक्षा आहे. शुद्ध पाण्यात ९८ आणि आपल्या पाण्यात ६० आले, तर दोष आपल्या पाण्यातील घटकांच्या अडथळ्याचा आहे आणि छापलेला आकडाही त्याच प्रमाणात कमी असणार.

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता प्रयोगशाळेच्या इमारतीला नव्हे, तर विशिष्ट पदार्थातील विशिष्ट घटकाच्या विशिष्ट पद्धतीला मिळते. पिण्याच्या पाण्यातील लोहासाठी मान्यता असलेल्या जागी आर्सेनिकची मान्यता असेलच असे नाही. ही व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि ती पाहायला पाच मिनिटे पुरतात. आपला शिशाचा ०.०१६ हा आकडा मर्यादेच्या वर असला तरी त्यासोबत अनिश्चितता मागा, ±०.००३ असेल तर निर्णय निःसंदिग्ध आहे, ±०.००८ असेल तर पुन्हा नमुना घेतल्याशिवाय ग्रामसभेत ठाम विधान करू नये.

शेतावर किंवा पंपावर जाताना शुद्ध पाण्याची एक बंद बाटली सोबत न्यावी, तेथे उघडून ॲसिडच्या बाटलीत ओतावी आणि इतर नमुन्यांबरोबर पाठवावी. तीत जस्त सापडले तर ते आपल्या हातमोज्यांतून, धुळीतून किंवा बाटलीतून आले आहे हे कळते.

यादीविषयीही एक शब्द. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये बांगलादेशात भूजलाची तपासणी केली तेव्हा अनेक मूलद्रव्ये मोजली होती, परंतु आर्सेनिक त्या यादीत नव्हते, आणि त्यावरून पुढे इंग्लंडमध्ये थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत खटला गेला; २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. प्रयोगशाळा मागितले तेवढेच मोजते. आपल्या यादीत किमान एकदा कॅडमियम, क्रोमियम, निकेल आणि युरेनियम घालून पाहावे. ते निरंक आले तर पुढे दरवर्षी त्यांवर खर्च करण्याची गरज नाही.

मूळ प्रश्नकर्ते

आम्ही ठरवले आहे ते असे: पंपाच्या डोक्याजवळून उपशापूर्वीची व उपशानंतरची, अशा ॲसिड घातलेल्या, न गाळलेल्या बाटल्या, उपशानंतरची एक गाळलेली बाटली आणि एक ब्लँक. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक एकदाच आयसीपी-एमएसवर, हीलियम मोडच्या लेखी खुलाशासह. ग्रामसभेपुढे तूर्त दोन्ही अहवाल ठेवून, शिशाचा निकाल येईपर्यंत रात्रभर पाइपात साचलेले सकाळचे पहिले पाणी पिण्यास वापरू नये अशी सूचना देऊ. शेवटची शंका: लोहावर दरमहा लक्ष ठेवण्यासाठी तालुक्याच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाची मदत घेतली तर चालेल का? त्यांच्याकडे फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे.

प्रतिसाद: पाणी तपासणी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ

लोहासाठी निश्चित चालेल. फिनँथ्रोलिन पद्धतीत फेरस लोहाचा नारिंगी-लाल रंग ५१० नॅनोमीटरवर मोजतात, आणि अर्धा मिलिग्रॅम ते चार मिलिग्रॅम या आपल्या पट्ट्यात ती फार चांगली उतरते. विद्यार्थ्यांना एवढेच बजावून सांगा की बाटली हलवून गाळासकट नमुना घ्यायचा, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रॉक्सिलअमाइन घालून उकळायचा, गाळ पूर्ण विरघळून फेरिकचे फेरस झाले की थंड करायचा, आणि मगच बफर व फिनँथ्रोलिन घालायचे. उकळण्याची पायरी वगळली तर ०.२१ पुन्हा दिसेल. दर तुकडीबरोबर एक ब्लँक आणि १ मिलिग्रॅमचे एक प्रमाण द्रावण चालवून दोन्ही वाचने वहीत लिहून ठेवावीत.